आर्ट क्विल्टच्या गटात वर्षभर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आर्ट क्विल्टच्या, म्हणजे भिंतीवर चित्रासारखं टांगायचं थरांचं कापडकाम शिवणाऱ्या, गटात नऊ-दहा जण आहेत. काहींचा हात शिवणकामात मुरलेला, दोघं चित्रकलेतून आलेले, दोघांनी मशीनला अजून हातही लावलेला नाही. महिन्यातून एकदा भेटता. सुरुवातीला उत्साह होता. आता निम्मे लोक काही ना काही कारण सांगून येत नाहीत आणि जे येतात त्यांच्या गप्पाच जास्त होतात. म्हणून तुमचे तीन प्रश्न: वर्षभर पुरतील असे उपक्रम कोणते, वर्षअखेरीला प्रदर्शन लावावं का, आणि नवे लोक घ्यावेत का.

उपक्रम सुचवतेच, पण तुमच्या मजकुरातली एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटली. दर महिन्याला कोणीतरी नवं तंत्र दाखवतं, सगळे थोडं थोडं करून बघतात आणि ते तुकडे घरी जाऊन पिशवीत पडतात, असं तुम्ही म्हणता. गळती तिथूनच सुरू होते. नमुने साठतात, काम काही होत नाही. मग पुढच्या बैठकीला जाताना हात रिकामे असतात, रिकाम्या हातांनी जायचा संकोच वाटतो आणि न जाण्याचं कारण लगेच सापडतं. तुमच्या बैठका वर्गासारख्या चालल्या आहेत. घरी जे काम सुरू आहे ते बैठकीमुळे पुढे सरकतंय असा अनुभव आला, की माणूस पाऊस-वारा न बघता येतो. मी बरीच वर्षं असे गट चालवतेय, काहींत नुसती सदस्य म्हणूनही बसते, आणि कुठलाही उपक्रम ठरवताना हा एकच निकष लावते: यातून कुणाचं अर्धवट काम पुढे जाणार आहे का?

सगळ्या गटांना लागू पडेल असं वेळापत्रक मात्र नसतं. जागेत मोकळी भिंत आहे का, पाण्याची सोय आहे का, भेट दोन तासांची की दिवसभराची, यावर बरंच अवलंबून असतं. दोन तासांत रंगाई उरकत नाही, पण पाच जणांच्या कामावर नीट बोलून होतं. शिवाय सगळ्यांना फक्त सोबतीनं बसून टाके घालायचे असतील तर त्यातही काही वावगं नाही, ते सुख फार मोठं आहे. तुम्ही प्रदर्शनाचं विचारताय, म्हणजे त्यापलीकडे जायची इच्छा आहे असं धरून पुढचं लिहिते.

सगळ्यात आधी भिंत. पांढऱ्या किंवा करड्या फ्लॅनेलचा, नाहीतर बॅटिंगचाच (क्विल्टच्या दोन कापडांमधला मऊ थर), दोनेक मीटर रुंद तुकडा भिंतीवर ताणून लावा. सुती कापडाचे छोटे तुकडे त्यावर टाचणीशिवायही चिकटून राहतात. बैठकीची सुरुवात या भिंतीसमोर करायची, चहापाणी आणि गप्पा त्यानंतर. टेबलावर पसरलेलं क्विल्ट आपण शिवणकाम म्हणून बघतो: टाके एकसारखे आहेत का, कोपरे जुळलेत का. तेच भिंतीवर गेलं की चित्र म्हणून दिसायला लागतं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेली जुनी अमेरिकी क्विल्ट्स आधुनिक चित्रांसारखी भिंतीवर टांगली गेली. करणाऱ्या बायकांनी ती पलंगासाठी केली होती आणि त्यातला एक टाकाही बदलला नव्हता, पण उभी टांगल्यावर लोक त्यांच्याकडे रंग आणि आकार म्हणून बघू लागले. तुमच्या बैठकीत दर महिन्याला तेच घडायला हवं.

भिंतीवर यायचं ते अर्धवट कामानं. बाइंडिंग, म्हणजे कडेची पट्टी, लावून झालेल्या कामावर बोलून करणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही, बदलायला काही शिल्लकच नसतं. सर्वांत चांगली वेळ म्हणजे वरचा थर टाचण्यांनी जुळवलाय, पण बॅटिंग आणि अस्तर अजून जोडलेलं नाही. त्या टप्प्यावर एक पट्टी हलवायला दोन मिनिटं लागतात. दाट क्विल्टिंग, म्हणजे तिन्ही थर एकत्र धरणारे टाके, झाल्यावर तीच पट्टी उसवायला आख्खी दुपार जाते, आणि सुईची भोकं कापडावर राहतात ती वेगळीच.

यावर बोलायचं कसं, याला शिस्त लागते. बहुतेक गटांत दोनच वाक्यं ऐकू येतात, "छान झालंय" आणि "मी असते तर इथे लाल लावलं असतं". पहिल्यातून काही कळत नाही आणि दुसऱ्यातून काम दुसऱ्याचं होऊन बसतं. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास अशा चर्चेसाठी चार पायऱ्यांची एक पद्धत बसवली. ती नाचासाठी होती, पण कापडालाही ती उत्तम लागू पडते. आधी बघणारे सांगतात की त्यांच्या नजरेत काय भरलं, काय लक्षात राहील. मग करणारी तिला पडलेले प्रश्न विचारते. तिसऱ्या पायरीला बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत दडलेलं नको. "ही पट्टी एवढी गडद का ठेवलीस?" हा प्रश्न वाटतो, पण ती तक्रार आहे. "या पट्टीनं काय करावं असं तुला वाटतं?" हा खरा प्रश्न. शेवटी मत, तेही "या रंगाबद्दल मला काही सांगायचंय, ऐकायचंय का?" असं विचारून. सुरुवातीला हे फार औपचारिक वाटेल. दोन-तीन बैठका चिकाटीनं पाळा, मग अंगवळणी पडतं.

याचा परिणाम कसा होतो ते एका कामावरून सांगते. आमच्यातल्या एकीनं निळ्या-करड्या पट्ट्यांची रात्र केली होती, मधे एक नारिंगी चौकोन आणि खाली वळत जाणारी वाट. तिचा प्रश्न होता, "वरचा कोपरा रिकामा वाटतोय, तिथे काय लावू?" पटापट उत्तरं येणार होती, पण शिस्तीमुळे सगळे थांबले. एकीनं विचारलं, "बघणाऱ्याची नजर कुठे थांबायला हवी आहे तुला?" ती म्हणाली, "वाटेवर." मग आम्ही फोनवर त्या कामाचा कृष्णधवल फोटो काढला. रंग गेल्यावर दिसलं की तो नारिंगी चौकोन आणि भोवतीचं निळं जवळजवळ एकाच छटेचं करडं आहे, आणि सगळ्यात उजळ जागा म्हणजे खालच्या डाव्या कडेला लावलेला फिकट छापील तुकडा. नजर वाटेवर न थांबता तिथून बाहेर घसरत होती. त्यावर गडद कागदाची पट्टी टाचून सगळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. वाट उठून आली आणि वरच्या कोपऱ्याबद्दल कुणालाच काही वाटेना. तिनं तो एक तुकडा बदलला, कोपऱ्याला हातही लावला नाही.

कृष्णधवल फोटो, लांबून बघणं, काम उलटं टांगणं, पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे धरून कडा आत घेऊन बघणं, ही साधी हत्यारं भिंतीजवळ कायम ठेवा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं द्या आणि घड्याळ एकाच्या हातात ठेवा. नाहीतर बोलकी माणसं अर्धा तास घेतात आणि अबोल माणसांची कामं शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जातात.

भिंतीनंतर महत्त्वाचं म्हणजे आव्हान, म्हणजे सगळ्यांनी एकच अट पाळून करायचं छोटं काम. माप लहानच ठेवा, १२ इंच बाय १२ इंच. १९८९ साली स्थापन झालेल्या स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वार्षिक लिलावातली कामंही याच मापाची असतात, आणि एवढ्याशा चौकोनात लोक काय काय करतात ते बघण्यासारखं असतं. लहान मापाचा खरा फायदा हा की काम पूर्ण होतं. कडा दुमडणं, टोकं लपवणं, मागे टांगायची सोय करणं या गोष्टी मोठ्या कामात एकदाच वाट्याला येतात. लहान कामांत वर्षभरात पाच-सहा वेळा त्यातून जावं लागतं आणि हात बसतो.

अट कोणती घालायची, यात गट बहुधा चुकतात. "निसर्ग" किंवा "आठवणी" असा विषय दिला की प्रत्येकजण जे करणार होता तेच करतो आणि वर विषयाचं नाव चिकटवतो. साहित्याची किंवा पद्धतीची अट जास्त कामाची. माझी आवडती अट अशी: कुणालाच न आवडणारं एक कापड निवडायचं, ठसठशीत चौकड्याचं वगैरे, आणि प्रत्येकाला हातभर द्यायचं. पूर्ण झालेल्या कामात त्यातलं निदान तळहाताएवढं दिसलंच पाहिजे. मग लोक ते उलट्या बाजूनं वापरतात, त्यावर इतके टाके घालतात की चौकडा विरघळून जातो, बारीक पट्ट्या कापून दुसऱ्या कापडात विणतात. कधी फक्त तीन छटा, उजळ, मध्यम आणि गडद, रंग कोणताही. कधी कात्री न लावता फाडलेल्याच कडा. मुदत दोन महिन्यांची ठेवा. एक महिना कमी पडतो आणि तीन महिने दिले तर लोक अडीच महिने काहीच करत नाहीत. वर्षाच्या मध्यावर आणखी एक पायरी घाला: प्रत्येकानं आपल्या छोट्या चौकोनांतला एक निवडून तो मोठा करायचा, साधारण एक मीटर रुंद. तिथे खरी परीक्षा असते. लहान कामात जी रेघ धारदार वाटते ती मोठ्यात केविलवाणी दिसते, आणि जी रिकामी जागा शांत वाटत होती तिला आता टाक्यांचा पोत लागतो.

तंत्राचे दिवस हवेत, पण वर्षातून तीन-चारच. यांत सगळ्यात लोकप्रिय रंगाईचा दिवस. सुती कापडासाठी फायबर रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक जोड होणारे) रंग वापरत असाल तर दोन गोष्टींत हयगय नको. कोरडी पूड मिसळताना चांगला मास्क लावायचाच, कारण ती श्वासावाटे जात राहिली तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. आणि रंगाची भांडी, चमचे पुन्हा स्वयंपाकात न्यायचे नाहीत. हा रंग धाग्याला पक्का बसायला सोडा ॲश (धुण्याचा सोडा) आणि थोडी ऊब लागते. २१ अंश सेल्सिअसच्या वर तापमान असेल तर रात्रभर ठेवलेलं कापड सकाळी धुवायला घ्यावं, आधी गार पाण्यात, मग गरम. सोडा मिसळलेला रंग तासाभरात जोर गमावू लागतो, तेव्हा वाट्या आधी भरून ठेवू नका. सुती, लिनन, व्हिस्कोस, रेशीम हा रंग घेतं. पॉलिस्टर घेत नाही. पॉलिस्टरच्या दोऱ्यानं शिवलेला जुना सुती शर्ट रंगवला की शिवणी पांढऱ्याच राहतात. ते मुद्दाम करून बघा, सुंदर दिसतं.

ज्या दोघांना मशीनची भीती वाटते त्यांच्यासाठी सायनोटाइपचा दिवस चांगला. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली ही छपाईची पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचं मिश्रण मंद उजेडात कापडाला लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पानं, जाळी, दोऱ्याचे गुंते ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. झाकलेली जागा पांढरी राहते, बाकी गडद निळं होतं. पानावर काच दाबून धरली तर कडा स्वच्छ येते. एक सावधगिरी मात्र हवी: हा निळा रंग क्षाराला घाबरतो. धुण्याचा सोडा किंवा ब्लीच लागला की तो पिवळट पडून उडतो. त्यामुळे सायनोटाइप केलेलं कापड नंतर सोडा ॲश घालून रंगवता येत नाही. दोन्ही हवं असेल तर आधी रंगाई, मग खळखळून धुणं, मग सायनोटाइप.

या दिवसांनंतर प्रत्येकाच्या घरी सुंदर कापडाचा ढीग तयार होतो आणि तो कापायची हिंमत कुणाला होत नाही. म्हणून आमच्याकडे रिवाज आहे की जाताना आपल्या सगळ्यात चांगल्या कापडातला एक तुकडा मधल्या टोपलीत ठेवायचा आणि दुसऱ्याचा उचलायचा. तो पुढच्या आव्हानात लागलाच पाहिजे. दुसऱ्याचं कापड कापायला हात कचरत नाही, आणि एकदा कात्री चालली की स्वतःच्या ढिगाचीही भीती जाते.

वर्षातून एक सामूहिक काम जरूर घ्या. एकत्र काम करण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या बायका वरचा थर आपापला, आपल्या मनानं जोडत आणि टाके घालायला अनेकदा एकत्र बसत. एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीत १९८७ साली सुरू झालेल्या एड्स मेमोरियल क्विल्टमध्ये उलटी रीत आहे: प्रत्येक पॅनेल ३ फूट बाय ६ फुटांचं, आठ पॅनेल मिळून १२ फुटांचा चौकोन, आत काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर ते मांडलं तेव्हा १,९२० पॅनेल्स होती. माप पक्कं असलं की एकमेकांना न ओळखणारी माणसंही एकाच कामात सामावतात, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

तुमच्या गटाला मी "कापांचं क्विल्ट" सुचवेन. एक फोटो घ्यायचा आणि त्याच्या उभ्या पट्ट्या करायच्या, सहा जणांत असेल तर प्रत्येकी १२ इंच रुंद आणि ३६ इंच उंच. फोटो गटातल्याच कुणीतरी काढलेला हवा, इंटरनेटवरून उचललेला नको. पुढे प्रदर्शनाला पाठवायची वेळ आली की त्याचे हक्क आड येतात. प्रत्येकाला फक्त आपल्या पट्टीचं पूर्ण आकाराचं रेखाचित्र द्यायचं. शेजाऱ्याची पट्टी बघायची नाही. यात मजा आहे, पण तयारी नीट नसेल तर ते विस्कटतं.

तयारी अशी. रेषा जिथे एका पट्टीतून दुसरीत जातात ते सगळे बिंदू दोन्ही रेखाचित्रांच्या कडांवर मापून खुणा करून ठेवा: छपराची रेघ, क्षितिज, झाडाची फांदी. त्या बिंदूंशी तडजोड नाही, बाकी सगळं मोकळं. उजळ-गडद ठरवायला फोटोची कृष्णधवल प्रत सगळ्यांना द्या. रंग वेगळे चालतील, छटा पाळायची. मग कुणाचं आकाश जांभळं आणि शेजारचं हिरवट झालं तरी चित्र फुटत नाही. बॅटिंग सगळ्यांनी एकाच प्रकारचं वापरायचं. आणि हे विसरू नका: दाट क्विल्टिंग केलं की तुकडा आक्रसतो, किती ते टाक्यांच्या दाटीवर आणि बॅटिंगवर ठरतं. म्हणून चारही बाजूंनी एक इंच जास्त ठेवून पट्टी करायची आणि क्विल्टिंग पूर्ण झाल्यावरच नेमक्या मापाला कापायची. जुळणीच्या खुणा रेखाचित्रावरून कापडावर घेतलेल्या असतात, त्यामुळे आक्रसल्यानं एखादी खूण अर्धा इंच सरकलेली दिसेल. कापताना पट्टी वर-खाली करून महत्त्वाचा बिंदू आधी जुळवा. कडा फेसिंगनं, म्हणजे मागून लावलेल्या कापडाच्या पट्टीनं, आत दुमडा, बाइंडिंग लावू नका, नाहीतर दर १२ इंचांवर एक चौकट दिसते आणि चित्र तुटतं. पट्ट्या एकमेकींना न शिवता बोटभर अंतर ठेवून टांगल्या तर छान दिसतात, आणि काम संपल्यावर ज्याची पट्टी त्याच्याकडे परतही जाते.

तुमच्याकडच्या चित्रकार आणि शिवणाऱ्या मंडळींची जोडी इथेच जमेल. चित्रकाराला छटा कळते, पण सुती आणि सिंथेटिक कापड एकत्र शिवलं तर इस्त्रीनं काय होतं ते कळत नाही. शिवणाऱ्याचं उलट. एक-एक पट्टी दोघांनी मिळून करू द्या. मशीन न येणाऱ्यांना मशीन शिकवायची घाई करू नका. धावदोरा आला की क्विल्ट येतं. जाड दोरा आणि लांबट टाका घेऊन हातानं केलेलं काम भिंतीवर फार जिवंत दिसतं, आणि मशीनवाल्यांनाच मग हाताच्या टाक्यांचा मोह पडतो.

एवढं वर्षभराला पुरतं: दर महिन्याला भिंत, दर दोन महिन्यांनी आव्हान, तिमाहीला तंत्राचा एखादा दिवस आणि एक सामूहिक काम. बाहेरचे शिक्षक बोलवायचे असतील तर वर्षातून एकदा बोलवा, पण एक लक्षात ठेवा. कार्यशाळेत, शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या रचनेवर केलेलं काम तुमचं स्वतंत्र काम म्हणून लावू नका. परीक्षक निवड करतात अशी बरीच प्रदर्शनं ते घेतच नाहीत, आणि घेतलं तरी ते प्रामाणिक होणार नाही. तिथे शिकलेलं तंत्र वापरून घरी नवं काम करा, ते तुमचं.

आता प्रदर्शन. पहिल्याच वर्षाच्या शेवटी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, अपवाद फक्त छोट्या चौकोनांचा आणि कापांच्या क्विल्टचा. प्रदर्शनाची तारीख ठरली की गट त्या तारखेसाठी काम करू लागतो, भिंतीसमोरची चर्चा "हे लावण्यासारखं आहे का" इथपर्यंत आक्रसते आणि प्रयोग थांबतात. दुसऱ्या वर्षी मात्र जरूर लावा, आणि जागेसाठी अडू नका. नॅन्सी क्रो, फ्रान्स्वाज बार्न्स आणि व्हर्जिनिया रँडल्स यांच्या कामाला नेहमीच्या क्विल्ट प्रदर्शनांत जागा नव्हती. त्यांनी १९७९ साली ओहायोतल्या अथेन्स इथे, पाडायला निघालेल्या जुन्या गोठ्याच्या इमारतीत "क्विल्ट नॅशनल" सुरू केलं. आज दर दोन वर्षांनी भरणारं ते या कलेतलं फार मानाचं प्रदर्शन आहे.

तयारी मात्र आजपासून करता येते, छोट्या चौकोनांवरच. टांगायची पट्टी आत घालण्यासाठी प्रत्येक कामामागे कापडाची ४ इंच रुंद नळी शिवा, कामाच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडून एकेक इंच आखूड, म्हणजे पट्टीची टोकं बाजूनं दिसत नाहीत. नळी मागच्या बाजूला थोडी सैल ठेवायची, म्हणजे आत पट्टी घातल्यावर समोरच्या बाजूला उंचवटा येत नाही. टाके फक्त अस्तरात, वरच्या थरापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत. मागे नाव, कामाचं शीर्षक, वर्ष, माप आणि साहित्य लिहिलेलं लेबल. टांगताना कामाचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर ठेवा आणि थेट ऊन येणारी भिंत टाळा, कापडाचा रंग उडतो. घडी घालून नेऊ नका. समोरची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, मग सुरकुत्या पडल्या तरी अस्तरावर पडतात. फोटोला फ्लॅश नको. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत प्रकाश आणि कॅमेरा कामाला समांतर. एक फोटो पूर्ण कामाचा, कडा दिसतील असा, आणि एक जवळून, टाके मोजता येतील असा. निवडीसाठी बहुतेक ठिकाणी हे दोन्ही मागतात.

नवे लोक घ्या, पण बारा-तेरापर्यंतच. त्यापुढे पंधरा मिनिटांच्या हिशेबानं भिंतीची फेरी फार लांबते. जास्त झालेच तर दोन तुकड्या करा आणि तंत्राच्या दिवसाला सगळे एकत्र या. येऊ इच्छिणाऱ्याला दोन बैठका नुसतं बसू द्या. शिवणकाम किती येतं ते विचारू नका, अर्धवट काम सगळ्यांसमोर टांगायची तयारी आहे का ते विचारा.

खर्चाचं सोपं ठेवा. बॅटिंगचा रोल, रंग आणि सोडा ॲश सामाईक घ्या, वापरेल त्यानं मापानं भरावं. हिशेब आणि घड्याळ ही दोन कामं दर तीन महिन्यांनी दुसऱ्यांकडे द्या, नाहीतर एकच माणूस सगळं ओढतो आणि एक दिवस तोच थकून जातो. आणि एक वही ठेवा: प्रत्येक पूर्ण कामाचा फोटो, शीर्षक, माप, साहित्य, तारीख, आणि ते सध्या कुणाकडे आहे. ती पहिल्या चौकोनापासून भरत जा. दोन वर्षांनी प्रदर्शनाचा अर्ज भरताना कुणाच्या तरी भिंतीवर गेलेल्या कामाचं माप विचारत फिरणं फार जिकिरीचं होतं.